चकचकीत फळा

माझ्या मुलीच्या वर्गाचा अभ्यास मी चार दिवस बंद पाडला होता, आणि तोही मदत करून.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. बेलापूर तेव्हा इतकं नवं होतं की एखादा पत्ता विचारला तर लोक "अजून बांधतायत" असं सांगत. मंजूची तिसरी एका इमारतीच्या तळमजल्यावर भरायची. एका शनिवारी बाईंनी पालकांना बोलावलं. म्हणाल्या, "फळ्याचा रंग पार उडालाय. शुक्रवारी साहेब तपासणीला येतायत. कुणी रंगवून देईल का?"

सगळे पालक एकदम आपापल्या चपलांकडे बघायला लागले. मी हात वर केला. (ऑफिसात मी कधीच हात वर करत नसे. तो बरेच दिवस रिकामा होता.)

घरी हे कळल्यावर मंजू धास्तावली, आणि त्याला कारण होतं. साहेबांसमोर फळ्यावर 'माझी शाळा' या विषयावर पाच ओळी लिहायला बाईंनी तिला निवडलं होतं. दोन वर्षं वर्गात तोंड न उघडणारी माझी पोर आठवडाभर घराच्या दारावर खडूनं सराव करत होती.

"बाबा, नीट रंगवाल ना?"

"असा रंगवतो की साहेब बघत राहतील."

बायको म्हणाली, "अहो, फळ्याचा रंग वेगळा असतो म्हणे. विचारा तरी कुणाला."

मी विचारलं. कळंबोलीला ट्रक रंगवणारा एक ओळखीचा होता, त्याला. तो म्हणाला, "हा न्या शेठ. ऊन येऊ दे, पाऊस येऊ दे, चमक जाणार नाय." मी वर खात्री करून घेतली, "नक्की नाही ना जाणार?" आणि रविवारी एक सोडून तीन हात मारले.

सोमवारी ऑफिसला जाताना कौतुक ऐकायला शाळेत डोकावलो. बाई फळ्यासमोर उभ्या होत्या आणि फळ्यातही एक बाई उभ्या होत्या. त्यांच्यामागे चाळीस पोरं. बाईंनी खडू टेकवला, तो सर्रकन तळापर्यंत घसरला. तेवढ्यात दोन मुली पुढे येऊन फळ्यात बघून भांग नीट करून गेल्या.

"छान झालाय हो," बाई म्हणाल्या. (शिक्षकी पेशात माणूस किती सभ्य होतो!) "फक्त लिहिता येत नाही."

मंगळवारी मी फळा रॉकेलनं पुसला. तो आणखी चमकला. बुधवारी त्यावर अंगाला लावायची पावडर थापली. बाईंनी हात लावला की पहिल्या तीन रांगा शिंकायच्या.

गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून शाळा सुटताना गेलो. मंजू खडू घेऊन फळ्यासमोर उभी होती.

"बाई म्हणाल्या, उद्या तोंडीच सांग," ती खाली बघत म्हणाली. "मला तोंडी नाही येत, बाबा."

माझं तोंड मला त्या फळ्यात स्वच्छ दिसत होतं. बघवेना.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "कोनी रंगवला वो ह्यो?" जवळच्या दिवाळे गावातल्या कोळीण चंपाबाई मासळी विकून लेकीला न्यायला आल्या होत्या. त्यांची लेक मंजूच्याच वर्गात.

"मी," मी म्हणालो.

"दादा, ह्यो फला हाय का आरसा हाय?"

"मदत करत होतो."

"झाली तवरी पुरं. वल्ह्याला नवा रंग दिला का आमचा पन हात सटकतो. मंग माकलाचे हाडान घासतो. चमक मरते." आणि रिकामी पाटी घेऊन त्या गेल्यासुद्धा.

तासाभरानं आल्या त्या पाटीभर हाडं घेऊन. माकूल नावाच्या समुद्रजीवाच्या पाठीतली ही हाडं, पांढरी आणि खरखरीत. वाटेत त्यांनी सोसायटीत हाळी दिली असावी, कारण मागोमाग माझी बायको आली, आणि शनिवारी चपला बघणारे चार-पाच पालकही आले. सगळ्यांनी मिळून फळा घासायला घेतला.

"दादा, जोर लावा जोर. फायली सरकवताव का?" चंपाबाई दर पाच मिनिटांनी विचारत होत्या.

उन्हं उतरली तेव्हा फळा छान मळकट काळा झाला होता. मंजूनं भीत भीत एक 'म' काढला. तो राहिला. बाईंनी डोळ्यांना पदर लावला. (पावडर असेल.)

शुक्रवारी साहेब आले आणि दारातच थबकले. नाक वर करून म्हणाले, "वर्गात हा वास कसला?"

चाळीस पोरं एका सुरात ओरडली, "मंजूच्या बाबांनी मदत केली!"

मग मंजू उठली. मी खिडकीबाहेर उभा होतो. सराव केलेल्या ओळी तिनं लिहिल्याच नाहीत. ठसठशीत अक्षरात लिहिलं: 'माझी शाळा बेलापूरला आहे. आमचा फळा माझ्या बाबांनी रंगवला. मग चार दिवस कोणालाच लिहिता आले नाही. म्हणून पुष्कळ आई-बाबा शाळेत आले. आता मला माझी शाळा जास्त आवडते.'

साहेबांनी दोनदा वाचलं आणि तिच्या पाठीवर थाप दिली.

पुढच्या सभेत बाई म्हणाल्या, "खिडक्यांना रंग द्यायचाय. कोण मदत करेल?" सगळ्या पालकांचे हात भराभर वर गेले. माझे मात्र दोन्ही खालीच राहिले. एक बायकोनं धरला होता, दुसरा मंजूनं.