वहिवाटीचा रस्ता आणि पिवळ्या ओळी

आधी वकीलबाईंचं सांगते, मग बाकीचं. नाव लिहीत नाही. "नाव लिहाल तं तुमच्यावरच नोटीस काढीन," असं त्यांनी हसत हसत बजावलंय. घाटंजीला तहसीलसमोर आमच्या वकीलसाहेबांची खोली आहे. तिच्या ओसरीत एक टेबल, एक प्लास्टिकची खुर्ची आणि त्या खुर्चीत स्वतःची वेगळी वकिली करणाऱ्या वकीलबाई. जवळच्याच एका तांड्यातल्या, बंजारा घरातल्या. बोलणं तिखट आणि हसू मोठं, पलीकडच्या चहावाल्याला ऐकू जाईल एवढं. मला आज संगणकावर कोर्टांचे निकाल शोधता येतात ते त्यांच्यामुळे, आणि एका माणसाचा कापूस बंडीतून, म्हणजे इकडच्या बैलगाडीतून, घरी आला तोही, माझ्या मते, त्यांच्यामुळेच. त्यांना विचाराल तर म्हणतील, मी काय केलं? म्हणून मीच लिहून ठेवते.

मी मूळची कोकणातली, खाडीकाठची. नववीत शाळा सुटली. घरचे म्हणतात मी सोडली, मी म्हणते आई आजारी होती. टायपिंगची परीक्षा तेवढी दिली. नवऱ्याला वीज खात्यात वायरमनची नोकरी लागली ती इकडे, म्हणून मीही इकडे. पहिला उन्हाळा ओल्या टॉवेलखाली काढला. भाषा मराठीच, पण शेजारीण "काहून वो, घरातच बसून राह्यली?" म्हणाली की ती रागावलीय असंच मला वाटायचं. मुळात मी घाबरट. गॅस बंद केला का हे बघायला अर्ध्या रस्त्यातून परत येणारी.

मग वकीलसाहेबांकडे टायपिस्ट म्हणून लागले. मला इंग्रजी टाईप करता येतं, वाचताही येतं, समजतं मात्र निम्मं. बोटं पुढे आणि डोकं मागे अशी माझी चाल. साहेब जाड पुस्तकांवर वाढलेले. त्यांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून निकाल शोधायच्या वेबसाईटची वर्गणी भरली आणि पासवर्ड माझ्या हातात ठेवला. "ताई, तुमची पिढी मोबाईलवाली. आता तुम्हीच शोधायचं." मी मान हलवली. नाही म्हणायची हिंमत नव्हती, एवढंच.

तेवढ्यात काका आले. काका म्हणजे आमचे पक्षकार, मुकुटबनच्या रस्त्याला शेत असलेले एक शेतकरी. त्यांची बंडी बापाच्या काळापासून ज्या वाटेने शेतात जायची, त्या वाटेत शेजाऱ्याने जेसीबीने चर खोदला होता. शेजाऱ्याचं म्हणणं, नाल्याकडून दुसरी वाट आहे, तिकडून जा. दुसरी वाट होती खरी, पण नाल्यात दिवाळीपर्यंत पाणी आणि त्यापुढे गाळ. कापूस फुटून पांढरा झाला होता. वेचणाऱ्या बाया पायी जातील हो, पण वेचलेला कापूस डोक्यावर किती आणणार? तहसीलदारांपुढे सोमवारी सुनावणी होती. साहेब म्हणाले, "दुसरी वाट असली तरी जुनी वहिवाटीची वाट अडवता येत नाही, असं हायकोर्टाचं जजमेंट पाहिजे. काढा शोधून."

मी वेबसाईट उघडली. रिकामी चौकट आणि तीत लुकलुकणारी रेघ. मी आयुष्यभर अर्ज टाईप केलेले, तेच केलं. इंग्रजीत लिहिलं की माझ्या पक्षकाराचा शेतात जाण्याचा जुना रस्ता शेजाऱ्याने चर खोदून अडवला असून कापूस वेचणीस आला आहे, तरी योग्य तो निकाल मिळावा ही नम्र विनंती. निकाल हजारोंनी आले. पहिला रेल्वे फाटकाचा, दुसरा सूतगिरणीतल्या कामगारांचा, आणि तिसरा चक्क घटस्फोटाचा. तोही मी थोडा वाचला.

वकीलबाई पाणी प्यायला आत आल्या होत्या. त्यांनी मागून पडद्यावर बघितलं आणि ग्लास खाली ठेवला.

"वहिनी, हा अर्ज कोणाले करून राह्यल्या? त्याच्या आतमधी साहेब बसला हाय का?"

"मग कसं लिहायचं?"

"काकाचे शब्द नका टाकू. जज कोणते शब्द लिहीन, ते टाका. काका म्हणते शेजाऱ्यानं चर मारला. जज लिहिते वहिवाटीच्या रस्त्याले अडथळा. कापूस, जेसीबी, शेजारी, सारे काढा बाहेर. विनंती तं पहिले काढा."

मग त्यांनी एकेक दाखवलं. जे शब्द एकमेकांना चिकटूनच यायला हवेत, ते अवतरणचिन्हात टाकायचे, म्हणजे ते सुटे सुटे भटकत नाहीत. डावीकडे कोर्टांची नावं असतात, तिथे आपलं हायकोर्ट निवडायचं. "केरळचं जजमेंट दाखवून आपला तहसीलदार काय पाघळणार हाय?" तहसीलदार ज्या कायद्याखाली रस्त्याची केस ऐकतात, त्या कायद्याचं नाव आणि कलम टाकायचं. प्रत्येक वेळी ढीग कमी होत गेला. जाळ्यातला शेवाळ-कचरा झटकावा आणि खाली मासळी दिसावी तसं मला झालं. मी तसं म्हणालेही. त्या म्हणाल्या, "मासोळीचं नाव नका घेऊ, आज माझा उपास हाय."

दुसऱ्या दिवशी त्यांची यवतमाळला तारीख होती आणि मी एकटीच. त्या वेबसाईटची एक सोय आहे. आपण शोधलेले शब्द निकालात जिथे जिथे असतील, तिथे ती पिवळा रंग मारते. माझा जन्म गेला खूण केलेला मजकूर टाईप करण्यात. साहेब पेन्सिलने जेवढं अधोरेखित करतील तेवढं मी उतरवून काढायचे, बाकीचं पान माझं नव्हेच. तशीच पिवळं पिवळं वाचत गेले. आणि सापडलं! सगळ्या परिच्छेदात पिवळे शब्द. दुसरी वाट उपलब्ध आहे एवढ्यावरून वहिवाटीच्या रस्त्याचा हक्क जात नाही, अगदी असंच. काकांसाठीच लिहिल्यासारखं.

छापून साहेबांपुढे ठेवलं. त्यांना नागपूरला लग्नाला निघायचं होतं. एक पाय बुटात, एक बाहेर. त्यांनी तो परिच्छेद वाचला. "वा, ताई! लावा फाईलला." काका बाकावर बसलेच होते. मी त्यांनाही सांगितलं.

"म्हंजे रस्ता भेटला?"

"भेटल्यासारखाच."

"मंग बायांले सांगू का वेचायले? उद्या-परवा दुसऱ्याच्या वावरात गेल्या तं मंग त्या काही येत नाई."

आणि मी, गॅससाठी अर्ध्या रस्त्यातून परत येणारी मी, म्हणाले, "सांगा."

काका दुसऱ्या दिवशी सकाळी सीताफळांची पिशवी ठेवून गेले. शनिवार होता. वकीलबाई आणि मी ओसरीत सीताफळं खात बसलो होतो. फुशारकीने मी फाईल त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी बोटं पुसली, वाचलं आणि विचारलं, "हे कोण बोलून राह्यलं?"

"कोर्ट."

"कोर्ट? वरचं पान कुठं हाय?"

वरचं पान मी छापलंच नव्हतं. आत जाऊन पडद्यावर काढलं. त्यावर पिवळं काहीच नव्हतं. तिथे साध्या काळ्या अक्षरांत लिहिलं होतं की अर्जदाराच्या वकिलांचं म्हणणं पुढीलप्रमाणे आहे. आणि ते पुढीलप्रमाणे म्हणजे माझा सोन्यासारखा परिच्छेद.

वकीलबाई हसल्या नाहीत.

"वहिनी, आमच्या तांड्यात भांडण झालं का सारे नायकापुढं, म्हंजे तांड्याच्या मुख्यापुढं बसते. नायक काय करते, आधी ह्याचं म्हणणं आपल्या तोंडानं सांगते. जसंच्या तसं, अन् असं जोरात का नव्या माणसाले वाटते, झाला फैसला. मंग त्याचं सांगते, तेवढ्याच जोरात. दोघंही म्हणते, हाव, हेच म्हणलं आमी. तवा कुठं नायक आपलं बोलते. लहानपणी माझ्या सख्ख्या काकाचं भांडण होतं, तवा मी पहिलं ऐकूनच घरी पळाली, अन् याडीले, म्हंजे माझ्या मायले सांगतलं, आपला काका जिंकला. मायनं गुळाचा शिरा टाकला. संध्याकाळी काका तोंड पाडून आला."

"मग इथे नायक काय म्हणाला?"

"पाहा ना. शेवटचं पान उघडा."

शेवटच्या पानावर लिहिलं होतं, हे म्हणणं मान्य करता येत नाही. अर्ज फेटाळला.

म्हणजे मी काकांच्या फाईलीला काकांच्याच विरुद्धचा निकाल लावला होता. आणि बायांना सांगा म्हणाले होते. तोंडात सीताफळाची बी होती, ती थुंकायचीही सुधरेना. साहेबांना फोन लावला. मागे बँडबाजा. "हॅलो? ताई? काय निकाल? अहो, वरात निघाली! सोमवारी सकाळी बोलू!"

मी वकीलबाईंना म्हटलं, "तुम्हीच शोधून द्या ना. माझ्या हातून नाही होणार."

"देईन. अन् पुढच्या येळेस? बसा खाली. रडाचं असन तं एका हातानं रडा, एक हात माऊसवर ठेवा."

बसले. त्यांनी आधी शिकवलं ते हे, की निकाल उघडला की पहिल्यांदा शेवट वाचायचा, कोण जिंकलं ते बघायचं, मग मागे यायचं. कुठलंही वाक्य आवडलं की वर सरकून विचारायचं, हे कोण बोलतंय? आणि मग त्यांनी पानाच्या कडेची एक जागा दाखवली जिच्यावर मी कधी बोटही ठेवलं नव्हतं. ह्या निकालाचा उल्लेख नंतरच्या कुठल्या कुठल्या निकालांत झालाय, त्यांची यादी.

"जजमेंट वाचलं का त्याचे पोरंबाळं पाहाचे. कोणी बापाचं ऐकलं, कोणी नाई ऐकलं, अन् कोणी म्हणलं, बापाची गोष्ट येगळी होती, माझी येगळी. तुमाले हा तिसरा पोरगा पाहिजे."

त्या आपल्या टेबलावर गेल्या आणि मी पोरंबाळं उघडत बसले. बरीचशी बापासारखीच निघाली. दुपारचं ऊन ओसरीतून खोलीत आलं, चहा दोनदा गार झाला. आणि मग एक निकाल आला ज्यात शेवटी अर्ज मंजूर होता. मागे सरकले. न्यायाधीशांनी लिहिलं होतं की त्या जुन्या प्रकरणात माणूस दुसऱ्याच्या शेतातून नवीन रस्ता मागत होता, म्हणून दुसरी वाट आहे का हे बघावं लागलं. इथे जुना, वापरातला रस्ता अडवलाय. अशा वेळी दुसरी वाट आहे हे उत्तर होऊ शकत नाही.

हे कोण बोलतंय? वर सरकले. कोर्ट. पुन्हा वर सरकून खात्री केली. मग बाहेर गेले, पाणी प्याले, परत येऊन पुन्हा वर सरकले.

"आता काय त्याले झिजवता का?" वकीलबाई ओरडल्या.

"मला असंच बरं वाटतं."

"ह्या कामाले तुमच्यासारखंच माणूस पाहिजे," त्या म्हणाल्या. माझ्या भित्रेपणाला कुणी कामाचा म्हटल्याचं मला आठवत नाही. मग हा निकाल पुढे कुणी रद्द तर केला नाही ना, तेही त्यांनी बघायला लावलं. नव्हता केला. या वेळी सगळीच्या सगळी पानं छापली.

सोमवारी सकाळी साहेबांना रडत रडतच सांगितलं. साहेबांनी जुना निकाल फाईलीतून काढून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "पूर्ण न वाचता लावा म्हणणारा मी. तुम्ही कायले रडता?" आणि नवा निकाल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, चष्मा कपाळावर ढकलून, पान डोळ्यांजवळ धरून.

सुनावणीला मी दारात उभी होते. काका भिंतीला टेकून, टोपी हातात घेऊन. शेजाऱ्याचे वकील उठले आणि त्यांनी तहसीलदारांपुढे कागद ठेवले. तोच निकाल. माझा पहिलाच. "साहेब, दुसरी वाट असताना वहिवाटीचा हक्क मागता येत नाही, हे हायकोर्टानं सांगतलं हाय." आमच्या साहेबांनी एकदा दाराकडे, माझ्याकडे पाहिलं. मग शांतपणे उठले आणि पोरगा पुढे केला. म्हणजे नंतरचा निकाल. तहसीलदारांनी परिच्छेद वाचला, एक पान मागे गेले, मग शेवटच्या पानावर गेले. म्हणाले, "उद्या मौक्यावर येतो."

मौक्यावर, म्हणजे चराच्या जागी, ते स्वतः आले. बंडीच्या चाकोऱ्या चराच्या अलीकडे होत्या आणि तशाच पलीकडेही होत्या. चर बुजवायचा हुकूम झाला. बाया तोवर काकांच्याच वावरात वेचत होत्या आणि कापूस मेरेवर ताडपत्रीखाली होता. एक थेंब पाऊस आला असता तर काय, हा विचार मी अजूनही अधूनमधून करते.

नंतर एकदा काकांची बंडी गच्च भरून तहसीलसमोरून चालली होती. ती मध्येच थांबवून त्यांनी हाक मारली, "ओ कोकणवाल्या ताई! सांगतलं तवा बाया लावल्या मी. नाई तं त्या गेल्या असत्या!" म्हणजे माझी घाई काकांच्या हिशेबी चांगलीच ठरली होती. त्यांना मी काही समजावत बसले नाही. वकीलबाई मात्र ओसरीतून एवढ्या हसल्या की बैल बिचकले.

मी त्यांना म्हटलं, तुमचे उपकार कसे फेडू? "तुमच्या साहेबाचं वायफाय वापरतो ना मी फुकट. झालं बरोबर," म्हणाल्या. पण बरोबर झालेलं नाही, मला माहीत आहे. त्यांच्या तांड्याच्या देवळाकडे जायची वाट एका प्लॉटवाल्याने तारेने बंद केलीय. ती केस एक दिवस त्या स्वतः लढणार आहेत, कागद जमवणं चालू आहे. तो दिवस येईल तेव्हा शोधायचं काम माझं, वकीलबाई. बाप, पोरं, नातवंडं, सगळी उघडीन. पिवळं नसेल तेही वाचीन, आणि प्रत्येक वाक्यापाशी वर सरकून विचारीन, हे कोण बोलतंय?