एका भाषेची शाळा

माझी धाकटी बहीण जन्मापासून बहिरी आहे हे आम्हाला कळलं तेव्हा ती तीन वर्षांची होती. तोवर घरात सगळे तिला हट्टी समजत. आम्ही कुंभकोणमला राहायचो. वडील एका दवाखान्यात कंपाउंडर होते, आई घरीच असे, आणि वडिलांची विधवा बहीण, म्हणजे आमची आत्या, आमच्याजवळ राहायची. तंजावरकडच्या इतर जुन्या मराठी घरांसारखंच आमचंही होतं. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर तामिळ. लग्न होऊन मी पुण्याला आले तेव्हा माझी ती मराठी ऐकून सासरचे हसले होते, इतकी ती जुनी.

तंजावरच्या तज्ज्ञांनी बहिणीच्या कानाला यंत्र बसवलं आणि आईला बजावलं, की मुलीच्या कानावर एकच भाषा पडली पाहिजे आणि हातवारे अजिबात करायचे नाहीत, नाहीतर ती कधीच बोलणार नाही. एकच भाषा म्हणजे अर्थातच तामिळ. शाळा, दुकानं, शेजार, सगळं त्यातच होतं. त्या दिवसापासून घरात मराठी बंद झाली. वडिलांना आणि मला ते जमलं. आत्याला तामिळ येत होतं, पण देवासमोर, चुलीपाशी, आपल्या माणसांशी ते तिच्या तोंडून निघेना. हळूहळू ती बोलायचीच कमी झाली.

जवळच्या शाळेनं बहिणीला दाखल करून घेतलं. बाई फळ्याकडे तोंड करून शिकवायच्या, त्यामुळे हिला त्यांचे ओठ दिसत नसत. मधल्या सुट्टीत मुलं तिचं यंत्र ओढून काढायची आणि एकमेकांकडे फेकायची. मी त्याच शाळेत वरच्या वर्गात होते. एकदा मीच ते गटारातून काढून आणलं. पहिलीचं वर्ष संपत आलं तेव्हा मुख्याध्यापिकांनी आईला बोलावून सांगितलं, की एका मुलीसाठी सगळा वर्ग खोळंबतो, हिला बहिऱ्यांच्या शाळेत घाला. ती शाळा तिरुच्चीला होती आणि तिथं वसतिगृहात राहावं लागे. जिला पोट दुखलं तरी सांगता येत नाही अशा मुलीला परक्यांच्या हाती देणार नाही, असं वडील म्हणाले. दुसऱ्या दिवशी सगळी जेवायला बसलो असताना आई म्हणाली, "मी शिकवीन हिला."

आई दहावीपर्यंत शिकलेली होती. माझी जुनी पुस्तकं काढून तिनं सुरुवात केली. सकाळची कामं उरकली की ती बहिणीला आरशासमोर बसवायची, तिचा हात आपल्या गळ्यावर ठेवायची आणि एकेक अक्षर म्हणायची. मेणबत्तीसमोर 'प' म्हटला की ज्योत हलली पाहिजे. ती हलेपर्यंत उठायचं नाही. घरातल्या प्रत्येक वस्तूवर तामिळ नावाची चिठ्ठी चिकटवलेली होती, पाण्याच्या हंड्यावरसुद्धा. बहिणीनं काही मागायला हात उचलला की आई तो धरून मांडीवर दाबून ठेवायची. "तोंडानं माग," म्हणायची. बहीण रडायची, आईचेही डोळे भरायचे, पण पकड ढिली व्हायची नाही.

परसात, विहिरीमागे, आम्हा दोघींच्या काही खुणा होत्या. डोक्यावर पदर म्हणजे आत्या, सुई टोचल्यासारखं केलं की वडील. आईनं पाहिलं तेव्हा ती माझ्यावर ओरडली नाही. नुसती म्हणाली, "तू शाळेत जातेस. तुला काय."

वर्षं गेली. बहीण उत्तम वाचायला लागली, अक्षर तर माझ्याहून सुरेख. बोलायलाही लागली, पण तिचं बोलणं आम्हा घरच्यांनाच कळायचं. दुकानदार तिचं ऐकून झालं की माझ्याकडे बघायचा. तिला मैत्रीण अशी कधी नव्हती.

आत्याला अर्धांगाचा झटका आला आणि तिनं अंथरूण धरलं, तेव्हा तिचं तामिळ पुसूनच गेलं. उरली फक्त मराठी. बहीण तिला पेज भरवायची. एका दुपारी आत्यानं तिच्या गालाला हात लावून विचारलं, "तू जेवलीस का गे?" बहीण तिच्या ओठांकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळून तिनं तामिळमध्ये विचारलं, की आत्या काय म्हणते आहे. मी सांगितलं. ती परत आत्याकडे वळली, पण आत्यानं डोळे मिटून घेतले होते. त्यानंतर काही दिवसांतच आत्या गेली.

बहीण बाहेरून बसून आठवी पास झाली. आईनं गल्लीभर गोड वाटलं. त्याच सुमारास आम्ही स्वामीमलैला देवदर्शनाला गेलो होतो. देवळाच्या पायऱ्यांवर काही बहिरी मुलंमुली बसून हातांनी बोलत होती, हसत होती. बहीण त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. एका मुलीनं तिचं यंत्र पाहिलं आणि हातांनी काहीतरी विचारलं. हिला एकही खूण कळली नाही. ती तामिळमध्ये बोलली, ते त्यांना कळलं नाही. ती मुलगी ओशाळून हसली आणि पुन्हा आपल्या घोळक्यात वळली.

घरी आल्यावर बहीण आईला म्हणाली, "मला त्यांच्यात जायचंय."

"कशाला? तुला बोलता येतं. त्यांना येत नाही."

"माझं बोलणं तुला कळतं. आणखी कुणाला कळतं?"

आई तांदूळ निवडत होती. ती निवडतच राहिली.

पुढं काही वर्षांनी बहीण तिरुच्चीला शिवणाच्या कारखान्यात लागली. तिथं बऱ्याच बहिऱ्या बायका आहेत. खुणांची भाषा ती त्यांच्याकडून शिकली. वडील तोवर राहिले नव्हते. एका वर्षी पोंगलच्या सणाला मीही माहेरी गेले होते. बहीण एका मैत्रिणीला घेऊन आली होती. दोघी माजघरात बसून हात उडवत बोलत होत्या. बहिणीचा चेहरा मी इतका हलता कधी पाहिला नव्हता. आई दारात उभी राहून बघत होती. तिनं मला विचारलं, "काय बोलतायत?" मला सांगता आलं नाही. परसातल्या आमच्या खुणा तिथं कुठंच नव्हत्या. मग आईनं मोबाईलवर लिहून बहिणीलाच विचारलं. बहिणीनं वाचलं, 'विशेष काही नाही' असं लिहिलं आणि फोन पालथा ठेवला.

आई आता घरात एकटीच असते. मी पुण्याहून फोन करते, मराठीत बोलते, ती तामिळमध्ये उत्तर देते. बहिणीचे निरोप तिला अधूनमधून येतात. त्यांत शुद्धलेखनाची एकही चूक नसते. ते ती मला फोनवर मोठ्यानं वाचून दाखवते.