शीग लावलेली वाटी

सिन्नरच्या साळूआत्याची नानकटाई तोंडात विरघळायची, पण तिचं माप म्हणजे वाटी. नाशिकला भाची आरोहीला पहिली ऑर्डर मिळाली आणि तिला सगळं ग्रॅममध्ये हवं झालं. आत्याने नाशिकला येऊन तिच्या काट्यावर एकेक वाटी ठेवून वजनं सांगितली. त्या वजनांनी केलेली नानकटाई मात्र हात लावताच भुगा, आणि संध्याकाळी तर द्यायची.

"तुझा काटाच खोटारडा हाय," आत्या म्हणाली.

"पुन्हा भर बघू."

आत्याने तूप काठोकाठ घेतलं, मैद्याच्या वाटीला मात्र काठाच्या वर चांगली शीग लावली.

"स्वतः करताना पण अशीच भरतेस?"

"तवा सपाट. पण भाचीला सपाट माप द्यायचं व्हय? लाज नाय वाटायची?"

आरोहीने सुरीने शीग उतरवली. आत्याने नाक मुरडलं. पण पुढचा ट्रे अख्खा निघाला, तेव्हा डबे भरायला तीच पुढे.