भिंतीआडची हिरवळ

टाचणी हे नाव तिला नवऱ्याने ठेवलं आणि ते इतकं चपखल बसलं की सगळ्या गल्लीने उचललं. अंगाने काटकुळी, जिभेने टोकदार, आणि ओठांत कायम दोन-चार टाचण्या धरलेल्या. शाळेचे गणवेश शिवण्यात तिची हयात गेली. मूल समोर उभं राहिलं की वर्षभरात ते किती वाढणार आणि शिलाईत किती जादा कापडाची माया सोडायची, हे तिला नुसतं बघून कळायचं. तिच्या ओठांत टाचण्या दिसल्या की गिऱ्हाइकांना हायसं वाटे, कारण तेवढा वेळ तरी तिला बोलता येत नसे.

नवरा गवंडी. त्याला सगळे ओळंबा म्हणत. दोरीच्या टोकाला वजन बांधून भिंतीपुढे सोडतात आणि भिंत सरळ आहे का ते बघतात, तो ओळंबा. हाही तसाच, बोलायला कमी आणि वागायला सरळ. जन्मभर दुसऱ्यांची घरं बांधली आणि म्हातारपणाकडे झुकताना एकदाच काय ती स्वतःसाठी एक भिंत बांधली. घरामागच्या मोकळ्या तुकड्याच्या पलीकडच्या कडेला, चांगल्या भाजलेल्या विटांची, चुन्यात. माणसाने हात वर केला तरी पोचू नये इतकी उंच. इतकी उंच कशाला, असं टाचणीने विचारलं होतं. "हात थांबेचनात," तो म्हणाला होता. काचबिंदूने त्याची नजर कडेकडून आत आत खायला सुरुवात केली होती, हे तेव्हा तिला ठाऊक नव्हतं. त्याला होतं. डोळ्यांनी बघून बांधलेली ती त्याची शेवटची भिंत.

पुढे नजर पुरती गेली आणि माणूस खुर्चीला खिळला. काठी घेऊन रस्त्यावर जाण्याचा एकदा प्रयत्न केला, तेव्हा कुणाच्या तरी सायकलवर आदळला आणि परत म्हणून दाराबाहेर पडला नाही. टाचणीने समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, शेवटी हात टेकले. मग एका सकाळी ती मशीनवर बसली असताना मागचं दार वाजलं. बघते तर हा अनवाणी, भिंतीच्या आणि घराच्या मधल्या गवतावर उभा. एक पाय गवतात, एक पाय कडेच्या मातीत. मातीतला पाय उचलून गवतात ठेवला, दोन पावलं टाकली, पुन्हा कड चाचपली. असं करत करत त्या तुकड्याला पूर्ण फेरी घातली आणि दाराशी आला. "अगं, इथे मला दिसतं," एवढंच म्हणाला. टाचणी आत जाऊन मशीनपाशी रडली. आनंदाने रडली, हे सांगायला हवं, कारण ती रडते यावर गल्लीचा विश्वास बसत नाही.

त्या दिवसापासून गवत म्हणजे त्याचा रस्ता, त्याची बाग, त्याचं गाव, सगळंच. मऊ लागलं की चालत राहायचं, टणक लागलं की वळायचं. आणि म्हणूनच गेल्या हिवाळ्यात जे झालं ते फार वाईट झालं. भिंतीकडचं अर्धं गवत मेलं. तिथे चिखल आणि शेवाळं धरलं, त्याचा पाय सटकला, कंबर धरली. हाड मोडलं नाही, पण हिंमत मोडली. वसंत येऊन नवं गवत पेरून ते उगवेपर्यंत तो खिडकीशी बसून होता, आणि जेवताना घास मोजल्यासारखे खात होता. परत एकदा असं झालं तर हा माणूस खुर्चीतून उठणार नाही, याची टाचणीला खात्रीच होती. म्हणून या वर्षी पहिली गार झुळूक आली आणि ती मशीनवरून उठून हिरवळीकडे धावली.

आता थंडी वाजणाऱ्याला शिंपीण काय करणार? कपडा शिवणार. टाचणीने टेप घेऊन हिरवळीचं माप घेतलं, कोपऱ्यांचा बाक धरला, गणवेशांची उरलेली कापडं जोडली आणि एक भलंमोठं पांघरूण शिवलं. आत अस्तर, कडेला दुहेरी शिलाई, वाऱ्याने उडू नये म्हणून कोपऱ्यांत वाळूच्या पिशव्या. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "टाचणीबाई, खिसा राहिला की हो!" टाचणीच्या ओठांत टाचण्या होत्या म्हणून शेजारीण वाचली.

कडाक्याची थंडी पडली तशी तिने हिरवळ झाकली आणि थंडी हटेना म्हणून पांघरूण काढलंच नाही. मध्ये पाऊस पडला. कापड भिजलं, जड झालं, गवतावर बसलं. शेवटी तिने एक कोपरा उचलला तेव्हा कुबट वास आला आणि खाली गवत पिवळं, लिबलिबीत होऊन जमिनीला चिकटलेलं. टाचणीने कोपरा तसाच खाली सोडला. जन्मात तिने कापड वाया घालवलं नव्हतं, आणि आता कापडानेच घात केला होता.

खिडकीतून आवाज आला, "ओल्या कपड्यांचा वास कुठून येतोय?"

"धुणं राहिलंय पिंपात," ती म्हणाली. पण तेव्हाही तिला ठाऊक होतं की या माणसाच्या नाकाला फसवणं सोपं नाही.

दुसऱ्या दिवशी ती रोपवाटिकावाल्याला हाताला धरूनच घेऊन आली. हा मोठा गप्पिष्ट माणूस, घरच्या कुंडीत मात्र निवडुंगही जगत नाही म्हणून बायकोचे टोमणे खाणारा. त्याने गवतात बोटं खुपसली, माती हुंगली. "काकू, गवताला गोधडी नको, हवा हवी. झाकलंत तर गुदमरणारच. त्यात सावलीतलं गवत, आधीच अर्धपोटी. त्याला हिवाळ्यात फार कापायचं नाही, जरा उंच ठेवायचं. पडलेली पानं रोजच्या रोज उचलायची. काट्याने जमिनीला भोकं पाडायची, पाणी मुरलं पाहिजे. आणि गोठलेल्या गवतावर पाय तर अजिबात नाही, पात्या मोडतात. आता एवढं सगळं केलंत तरी खरा चोर तो उभाच आहे बघा." असं म्हणून त्याने बोट भिंतीकडे केलं. "हिवाळ्यात ऊन तिरकं येतं. ही एवढी उंच भिंत ते सगळं गिळते. अर्धी हिरवळ दुपारपर्यंत..."

टाचणीने झटकन ओठांवर बोट ठेवलं. खिडकीत तो बसला होता. रोपवाटिकावाला चपापला आणि बोटांची माती झटकू लागला.

"काय म्हणाला गं तो?" नवऱ्याने संध्याकाळी विचारलं.

"म्हणाला, पानं उचला."

"एवढं बोलला आणि नुसतं पानं उचला?"

"गप्पिष्टच आहे मेला."

भिंतीचं नाव तिने काढलं नाही. कसं काढणार? रोज संध्याकाळी फेरी संपली की तो त्या भिंतीवरून तळवा फिरवायचा, विटेमागून वीट, सांध्यामागून सांधा, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे यायचं ते तिने दुसरीकडे कुठे पाहिलं नव्हतं. ती भिंत पाड असं सांगणं म्हणजे त्याचे डोळे दुसऱ्यांदा काढून घेणं. त्यापेक्षा आपण मरमर मरू, असं तिने ठरवलं. पांघरुणाच्या चिंध्या केल्या. रोज पानं वेचली, एकेक. काट्याने जमीन टोचली. मेलेल्या भागात ऊन कमी लागणाऱ्या गवताचं बी टाकलं, थंडीत ते रुजणं अवघड आहे हे माहीत असूनही. नवऱ्याला तिने पातळ तळव्याचे कापडी बूट शिवून दिले, पाय गारठू नयेत आणि गवतही कळावं म्हणून. त्याला बजावलं, "गोठलेलं दहिवर वितळल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही हं." सगळं केलं. भिंतीकडची बाजू तरी काळवंडतच गेली आणि शेवाळ्याने परत डोकं वर काढलं.

एका सकाळी ऊन चांगलं वर आल्यावर तो फेरीला उतरला. घराकडून चालत गेला आणि मध्येच थबकला. एक पाय किंचित पुढे टेकवला. कर्र आवाज आला. पाय मागे घेतला, एक पाऊल बाजूला सरकला, पुन्हा टेकवला. कर्र. असं करत तो हिरवळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, आणि दारात उभ्या टाचणीच्या हळूहळू लक्षात आलं की भिंतीची सावली जिथे संपते त्याच रेषेवरून हा माणूस चालतोय. सावलीत दहिवर तसंच होतं, उन्हातलं वितळलं होतं. तिला डोळ्यांनी जी रेष दिसत होती ती तो पायांनी ऐकत होता. एक बोटभरही चूक नाही. एवढी वर्षं संसार केला आणि आपला नवरा काय चीज आहे हे आज कळतंय, असं तिला वाटलं.

तो आत आला, चहा प्यायला आणि कोनाड्यातली हत्यारांची पेटी चाचपू लागला.

दुसऱ्या दिवशी टाचणी बटणं आणायला बाजारात गेली आणि परत आली तो मागून ठक् ठक् ऐकू आलं. धावली. भिंतीशी त्याची जुनी लाकडी घोडी उभी, घोडीवर तो, हातात छिन्नी.

"अहो! उतरा आधी खाली!"

"आधी भिंत उतरू दे," तो म्हणाला आणि सर्वांत वरची वीट सैल करून तिच्याकडे धरली. "घे. जपून. कोपरे दुखवू नकोस."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"दहिवराने. तू तर सांगणार नव्हतीस." मग जरा थांबून म्हणाला, "मला वाईट वाटेल म्हणून ना? अगं, वाटलंच. रात्रभर वाटलं. आता वीट घे, हात दुखतोय."

टाचणीने वीट घेतली. दुसरं काय करणार? घोडी एका हाताने घट्ट धरून दुसऱ्या हाताने ती विटा घेत राहिली. आणि जे पाहिलं ते ती अजून सांगते. त्या माणसाला काही दिसत नव्हतं, पण छिन्नी सांध्यावर टेकवायच्या आधी त्याची करंगळी वीट शोधायची, अंगठा चुना शोधायचा, आणि एका मोजक्या टोल्यात वीट सुटायची, अखंड. भिंतीवर वाकून तो मधूनच हसायचा. "ही बघ, ही वाकडी वीट मी मुद्दाम इथे लपवली होती." कुठे काय ठेवलंय ते सगळं त्याच्या हातांना पाठ होतं. टाचणी आ वासून बघत राहिली. जन्मात पहिल्यांदा ओठांत टाचणी नसताना तिला शब्द सुचत नव्हता.

रोज थोडं थोडं काम चालायचं. ती गवतात लांब टाचण्या टोचून त्यांना रंगीत चिंध्या बांधायची. सावलीची कड कुठे आली ते कळावं म्हणून. तो उतरायच्या आत सगळ्या मोजून उपटायची. "कुठवर आलं ऊन?" तो वरून विचारायचा. "वीतभर सरकलं," ती सांगायची. एके दिवशी मात्र तिला राहवेना. भिंत त्याच्या डोक्याइतकी उरली होती, ऊन मेलेल्या गवताच्या नुसत्या काठाला लागलं होतं, आणि तो विटेवरून हात फिरवत छिन्नी न टेकवता उभा होता.

"पोचलं ऊन," ती म्हणाली. "पुरे झालं आता."

तो उतरला. बूट काढले. अनवाणी भिंतीच्या दिशेने निघाला. कर्र.

"टाचणे," तो म्हणाला, "शिवण सोडून दुसरं काही तुला जमत नाही. खोटं तर मुळीच नाही." आणि परत घोडीवर चढला.

भिंत छातीइतकी झाली तेव्हा तो थांबला. वरचा थर ओल्या चुन्यात नव्याने बसवला, थापीने कडा घोटल्या, आणि खिशातून ओळंबा काढून तिच्या हातात दिला. "तूच बघ. सरळ आहे का?" तिने दोरी धरली. वजन डोलून डोलून थांबलं आणि दोरी भिंतीला जेमतेम चाटून सरळ उभी राहिली, खालपासून वरपर्यंत.

"सरळ आहे," ती म्हणाली, आणि तिने ओळंबा परत त्याच्या खिशात ठेवला.

त्याने भिंतीच्या माथ्यावर हात ठेवला. इतकी वर्षं त्या माथ्यावर जमिनीवरून त्याचा हात पोचला नव्हता. वीट उन्हाने कोमट झाली होती. तो तसाच उभा राहिला. "पहिल्यापासून एवढीच बांधायला हवी होती," तो म्हणाला. "पण तेव्हा दिसत होतं ना, म्हणून चढत गेलो."

पुढे थंडी ओसरेपर्यंत टाचणी रोज त्या काळ्या मातीकडे डोळ्यांत तेल घालून बघायची. काही नव्हतं. पानं वेचायची, पाणी बेताने द्यायची, आणि मनात म्हणायची की आता उशीर झाला, बी कुजलं असणार. नवरा नुसता फेऱ्या घालायचा, आता थेट भिंतीपर्यंत.

मग एका सकाळी तो भिंतीशी जाऊन थांबला. बूट काढले. अंगठा जमिनीवर हलकेच इकडून तिकडे फिरवला.

"इथे काहीतरी आहे."

"काही नाही हो. माती आहे."

"आहे म्हणतो ना. नीट बघ."

टाचणी गुडघे टेकून बसली. माती, नुसती माती. मग तिने पदराने चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि नाक जमिनीला लागेल इतकी वाकली. त्याच्या अंगठ्याशेजारी, सुईत ओवायच्या दोऱ्याहून बारीक, हिरवं उगवलं होतं.