एकाच बाईचे दोन ठिपके

कुंदा गेल्याचं मला विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून कळलं. ‘थोर संशोधक हरपली’... लिहिणारे कोण, तर आमचे विभागप्रमुख! ज्यांनी तिचा प्रबंध दोनदा परत केला, तेच. तीन आठवडे झाले, तळपायाची आग मस्तकात गेली ती अजून उतरलेली नाही.

कुंदा उमरेडच्या विणकर घरातली. आम्ही दोघी नागपुरात एकाच कॉलेजात मराठी शिकवायचो. ती प्रबंधासाठी विणकरांच्या जुन्या लग्नपत्रिका जमवायची. पत्रिकेतलं प्रत्येक नाव म्हणजे एक ठिपका, नातं म्हणजे रेघ. संगणकावर त्याचं जाळं करून, वस्ती कोणाच्या आधारावर टिकली ते तिला शोधायचं होतं. पहिल्या जाळ्यात सगळे आधार पुरुषच निघाले. बायका लग्नापर्यंत दिसायच्या, मग गायब! कुंदाने ते आईला दाखवलं. म्हातारी कडाडली, “अवं, शेवंता अन् कमल काय दोन बाया आहेत? एकच तं होय ते! लग्नात नाव बदललं तिचं. एवढी शिकली, अन् हे नाही समजलं तुले?”

झालं. पुढची तीन वर्षं सुटी आली की कुंदा घरोघरी. लग्नाआधी कोणाचं नाव काय होतं, ते विचारत एकेका बाईचे दोन ठिपके जोडत राहिली. चित्रच पालटलं. उमरेड आणि नागपूरच्या वस्त्या एकमेकींना धरून होत्या, त्या एकीकडे माहेर अन् दुसरीकडे सासर असलेल्या या बायांमुळे.

आणि प्रबंधावर विभागप्रमुख साहेबांचा शेरा? ‘यात साहित्य कुठे आहे? संगणक विभागात जा.’ तिकडचे म्हणाले, “मॅडम, या तर लग्नपत्रिका आहेत.” आजारपणातही ती लॅपटॉप उशाशी घेऊन बसायची. म्हणायची, “प्रबंध गेला चुलीत. पण ह्या बाया पुन्हा गायब नाही झाल्या पाहिजेत वं.”

शोकसभेत साहेब गहिवरून मला म्हणाले, “ते जाळं द्या, विभागाच्या भिंतीवर लावू.” मी भर सभेत विचारलं, “प्रबंध नको अन् नुसतं चित्र पाहिजे, काहून?” सगळे खाली बघू लागले. बघा! लाज वाटलीच पाहिजे.

परवा तिच्या घरी गेले. तिची आई तिच्याकडेच राहायची, अजून तिथेच आहे. तिने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. “माह्या कुंदाचा ठिपका दाखव मले.” मी माहेरच्या नावाने शोधलं, सासरच्या नावाने शोधलं. नव्हता. एवढ्या बाया जोडणाऱ्या बाईने स्वतःला घेतलंच नव्हतं! म्हातारीने पेटीतून कुंदाची लग्नपत्रिका काढून दिली. मी दोन्ही नावं टाकली, मधे रेघ ओढली... आणि रडले.

सोमवारी तोच प्रबंध साहेबांच्या टेबलावर आदळणार आहे. आता परत करून दाखवा म्हणावं!