रेसचा सेन्सर आणि एक व्हय

गाडी बिघडली की मी आधी तिला शिव्या देते, मग नवऱ्याला आणि सगळ्यात शेवटी स्वतःला. त्या दुपारी तिघांच्याही वाट्याचं देऊन झालं होतं, तरी गाडी काही चालू राहत नव्हती. बटण दाबलं की इंजिन आपोआप रेस होऊन किंचाळायचं, मग खाली बसायचं, पुन्हा वर चढायचं आणि मूठ सोडली की मरायचं. हिर्डोशीच्या आमच्या अंगणात नुकत्याच झोडलेल्या भाताचा पेंढा पसरला होता. त्यात गुडघे टेकून मी गाडीच्या पोटाशी बसले होते आणि ओसरीवरच्या खाटेवरून नवरा माझ्याकडे बघत होता.

बघण्याव्यतिरिक्त त्याला फारसं काही करता येत नव्हतं. गेल्या वर्षीच्या गणपतीत त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय निम्मा गेला आणि बोलणं जवळजवळ सगळं गेलं. एवढा बोलका माणूस, पाण्याच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून द्यायचा आणि मोटारीपेक्षा जास्त स्वतः चालायचा. त्याच्याजवळ एकच शब्द उरला. व्हय.

चहा पाहिजे? व्हय. नको? व्हय. आज सोमवार आहे की मंगळवार? व्हय. पुण्याला बोलण्याच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं, तर त्या म्हणाल्या की हा शब्द तोंडातून आपोआप येतो, तुम्ही त्याचा अर्थ लावत बसू नका. सांगायला काय जातं. चोवीस तास एका घरात राहायचं आणि समोरच्याच्या एकुलत्या एका शब्दाचा अर्थ लावायचा नाही, हे मला जमलं नाही. माझ्या सोयीचा असला की मी तो व्हय खरा धरायची, गैरसोयीचा असला की मला डॉक्टरीणबाई आठवायच्या.

एकदा फार खचले होते. त्याचे कपडे बदलून झाले आणि तिथंच खाटेच्या पायाशी बसून मी विचारलं, "तुमी बरं व्हनार न्हवं?" त्यानं माझ्याकडे न बघता व्हय म्हटलं. जरा लांबवून म्हटलं, म्हणून मला तो जास्तच खात्रीचा वाटला. पुढचे कितीतरी महिने मी त्या एका व्हयवर काढले. सकाळी उठवत नसलं की तोच आठवायचा आणि मी उठायची. घरी येईल त्यालाही मी तो सांगायची.

आणि गाडी होती. ती होती म्हणून भोर होतं. भोरला एक बाई हातापायाचे व्यायाम करून घ्यायच्या. आमच्याकडे एसटी तिच्या मर्जीनं येते, आणि आली तरी तिच्या पायऱ्या अशा उंच की धडधाकट म्हाताऱ्यांचीसुद्धा कसोटी लागते. कंडक्टर बिचारा धरायचा, पण रोज रोज कोणाकोणाला धरणार? मला मोटारसायकल नवऱ्यानंच शिकवली होती, धरणाच्या कडेच्या रस्त्यावर. तो आजारी पडल्यावर मी त्याला मागे बसवायची, जुन्या लुगड्यानं माझ्या कमरेला बांधायची आणि भोर गाठायची. लोक बघायचे. बघू देत. व्यायामवाल्या बाईंनी बजावलं होतं की खंड पडला तर बोटं आवळत जातील आणि मग उघडायची नाहीत.

खंड पडला. गाडी मिसिंग मारते, मध्येच अडखळते, म्हणून कापूरहोळच्या फाट्यावर एका गॅरेजात दाखवली. त्यांनी हवा आत घेणारा तो भाग खोलून, धुऊन पुसून चकचकीत करून दिला, आणि गाडीनं त्या दिवसापासून चालायचंच सोडलं. परत नेली तर म्हणाले, ठेवून जा, बघू. मी टेम्पोत घालून घरी आणली. दिवाळी गेली, भात निघालं, आणि नवऱ्याची उजवी मूठ आवळायला लागली. रोज सकाळी मी एकेक बोट सरळ करायची आणि दुपारपर्यंत ते पुन्हा तळहातात शिरलेलं असायचं.

त्यात किकवीहून दीर आले. धाकटा भाऊ, माणूस वाईट नाही. मी घाटरस्त्यावर त्यांच्या भावाला घेऊन आपटेन, ही त्यांची भीती. खाटेजवळ बसून त्यांनी भावाला विचारलं, "दादा, गाडी निस्ती पडून हाय. इकून टाकू का? घेनारा हाय माज्याकडं."

"व्हय."

"बगा वहिनी, दादाच व्हय म्हनला."

"ते सगळ्यालाच व्हय म्हनत्यात," मी म्हटलं.

"मग बरं व्हनार म्हनत्यात त्ये खरं, आन ह्ये खोटं व्हय?"

रविवारी घेणारा येणार असं ठरवूनच ते गेले. जाताना म्हणाले, गाडी चालू असती तर गोष्ट वेगळी. म्हणून मी त्या दुपारी पेंढ्यात बसले होते. गाडी गेली असती तर भोर गेलं असतं, भोर गेलं तर हात गेला, आणि पुढचं मला मोजायचं नव्हतं.

मोबाईलवर बघून बघून एवढं कळलं होतं की मूठ किती पिळली हे इंजिनाला सांगणारा एक छोटा सेन्सर असतो. आम्ही त्याला रेसचा सेन्सर म्हणायला लागलो. आम्ही म्हणजे मीच, दुसरं कोण बोलणार. तो हवा घेणाऱ्या त्याच भागावर दोन स्क्रूंनी बसतो. बसताना केसभर तिरका बसला तर मूठ बंद असली तरी तो सांगतो, थोडी उघडी आहे. इंजिन बिचारं ऐकतं आणि गोंधळतं. कुठं बसवायचा याची पांढऱ्या रंगाची एक खूण असते म्हणे. आमची खूण गॅरेजवाल्यांच्या चकचकीत करण्याच्या नादात पुसली गेली होती. नवऱ्याच्या पेटीतलं व्होल्ट मोजायचं मीटर काढलं आणि व्हिडिओतल्यासारखं वायरींना लावलं, तर त्याची बॅटरी उतरलेली. आकडे नुसते नाचत होते, आणि माझ्या गाडीला कोणता आकडा हवा हे तरी मला कुठं माहीत होतं?

राहिला कान. आमच्या घरात कान असलेला माणूस एकच. रस्त्यावरून जाताना कोणाच्या विहिरीवरच्या मोटारीचं बेअरिंग गेलंय ते हा चालता चालता सांगायचा.

स्क्रू सैल केले, इंजिन चालू केलं आणि सेन्सर जरासा फिरवला. "आता?"

"व्हय."

उलटा फिरवला. "आता?"

"व्हय."

"कमी करू का अजून?"

"व्हय."

"का वाढवू?"

"व्हय."

माझं डोकं फिरलं. "गाडी इकायचीय तर सरळ सांगा की! कशाला माझा जीव घेताय?" असं ओरडून मी स्क्रू ड्रायव्हर भिरकावला. तो पेंढ्यात गेला. मग तोच शोधत मी रांगत बसले, रडत, नाक पदराला पुसत, आणि मागे इंजिन रडत होतं ते वेगळंच. आजारी माणसावर ओरडल्याची लाज वाटत होती आणि अजून ओरडावंसंही वाटत होतं. शेवटी स्क्रू ड्रायव्हर सापडला. नवऱ्याच्या तोंडाकडे बघायची माझ्यात हिंमत नव्हती, म्हणून त्याच्याकडे पाठ करून बसले आणि सेन्सर पुन्हा फिरवला. विचारलं काहीच नाही.

"व्हऽऽय," पाठीमागून आलं.

माझा हात थांबला. हा व्हय माझ्या ओळखीचा होता. आमच्या भागात तोंडावर न्हाई म्हणणं बरं दिसत नाही. पेरणीच्या दिवशी शेजाऱ्याकडे बैल मागायला जावं, त्यानं आभाळाकडे बघत व्हऽऽय म्हणावं, आणि आपण काय ते समजून घरी यावं. लग्नानंतर पहिल्यांदा मी विचारलं होतं, म्हायेरी म्हैनाभर राहू का? हा म्हणाला होता, व्हऽऽय. मी आठवड्यात परत आले होते. सगळा संसार मी या दोन व्हयांमधला फरक ओळखत केला. हा खाटेवर पडला आणि मी तो ऐकायचाच सोडून दिला. त्याचं तोंड बघत बसले, आणि झटक्यानं वाकडं झालेलं तोंड काय सांगणार?

सेन्सर उलट्या बाजूला सरकवला. "व्हऽय." अजून थोडा. इंजिनाचा चढउतार कमी झाला. अजून जरासा, आणि ते एका लयीत टकटकायला लागलं.

"व्हय." आखूड, दातानं दोरा तोडावा तसा.

स्क्रू आवळताना सेन्सर हलला. लगेच मागून, "व्हऽऽय!" आणि यात वैतागही होता, माझ्या ओळखीचा, पूर्वीचा. मी पुन्हा सैल केला, पुन्हा बसवला, बोटानं दाबून धरला आणि आवळला. मूठ पिळून सोडली. इंजिन खाली आलं आणि चालूच राहिलं.

मी हसत वळले. तोही एका बाजूनं हसत होता. आत माणूस होता, इतके दिवस तिथंच होता. मी त्याचा आवळलेला हात माझ्या तेलानं काळ्या झालेल्या हातात धरला, आणि तेवढ्यात मागचे सगळे व्हय एकेक करून परत यायला लागले. रोज जबरदस्तीनं पाजलेलं दूध. बंद केलेला पंखा. गाडी विकू का म्हटल्यावरचा व्हय, तोही लांबलेला होता, आता आठवलं. आणि मग तो दुसरा, खाटेच्या पायाशी बसून मागून घेतलेला. जरा लांबवून म्हटलेला.

मी इंजिन बंद केलं. अंगणात एकदम शांत झालं आणि मला ते सहन होईना, म्हणून मी उगाच पेंढा गोळा करत सुटले.

रविवारी दीर गिऱ्हाईक घेऊन आले. गाडी चालू झालेली बघून गिऱ्हाईक खूशच झालं. दिरांनी विचारलं, "दादा, देऊन टाकू न्हवं?"

"व्हऽऽय."

"बगा."

"भाऊजी, नीट ऐका," मी म्हटलं. "लहानपनी तुमी दादाची सायकल मागितली की दादा काय म्हनायचे?"

दीर भावाकडे बघत राहिले. मग खाली वाकून, अगदी हळू आवाजात म्हणाले, "नगं देऊ?"

"व्हय."

दिरांनी गिऱ्हाईकाला चहा पाजला आणि वाटेला लावलं. मग बराच वेळ ते गाडीची सीट फडक्यानं पुसत बसले. ती पुसायची काही गरज नव्हती.

सोमवारी मी नवऱ्याला लुगड्यानं कमरेला बांधलं आणि निघाले. डावीकडे धरणाचं पाणी, हातांना गार वारा, गाडी शहाण्यासारखी चालत होती. त्याची हनुवटी माझ्या खांद्यावर टेकलेली होती, माझा कान त्याच्या तोंडाशी. तो जुना प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. आता विचारला असता तर उत्तर मला नक्की कळलं असतं. तुमी बरं व्हनार न्हवं? एवढंच तर विचारायचं होतं. मला इतकी भीती त्याला झटका आला त्या दिवशीही वाटली नव्हती.

चढावर खड्डे लागले. त्याचा आखडलेला हात माझ्या बरगडीवर आपटायला लागला. त्याला दुखत असणार, कळत होतं.

"लई दुखतंय का?" मी विचारलं.

"व्हय." आखूड.

मी गाडी हळू केली. "मग थांबू का? जायाचं माघारी?"

"व्हऽऽय," तो माझ्या कानात म्हणाला.

मी रेस वाढवली.