काकूंच्या कपाळावरचं ठिगळ

आमच्या काकू फोटोंशी बोलायच्या. कॉम्प्युटरवर कुणाचाही फोटो उघडला की आधी तो इतका मोठा करायच्या, की पडद्यावर नुसते दोन डोळे उरायचे. मग त्या डोळ्यांना विचारायच्या, "काय ओ, जेवलासा का?" समोर गिऱ्हाईक बसलेलं असलं तरी त्यांना त्याचं काही नसे. नवा माणूस दचकायचाच. त्यातून फोटो गेलेल्या माणसाचा असला तर विचारूच नका! पण काकूंचं म्हणणं असं, की ओळख झाल्याशिवाय परक्या माणसाच्या तोंडाला हात कसा लावायचा?

सोलापुरात सात रस्त्याजवळ काकांचं लहानसं दुकान होतं. पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, फोटोफ्रेम. काका अचानक गेले आणि दुकान विकायचं घरात ठरलं. ठरवणारे अप्पा, म्हणजे माझे वडील, काकूंचे मोठे दीर. काकू त्यांच्यासमोर कधी तोंड उघडत नसत, तेव्हाही उघडलं नाही. फक्त एके सकाळी किल्ली घेऊन गेल्या आणि शटर वर केलं. माऊस टेबलावरून घसरतो म्हणून त्याच्याखाली टॉवेलचा तुकडा घडी घालून ठेवला. "सोलापुरात ऱ्हाऊन टॉवेल न्हाई म्हंजे काय!" म्हणाल्या. अप्पा दोन दिवस धुसफुसले आणि मग गप्प बसले.

त्या कॉम्प्युटरवर काकांनी घालून ठेवलेला एक जुना प्रोग्राम होता. त्यात फोटो बघता यायचे, फिरवता, कापता, उजळता यायचे, डाग काढता यायचे. त्यातली इंग्रजी नावं काकूंनी परस्पर बदलून टाकली. कापायची ती कात्री. केलेलं पुसून मागे जायचं ती माघार. आणि एका जागचं कातडं उचलून दुसरीकडच्या डागावर बसवायचं ते ठिगळ. कॉलेज सुटलं की मी तिथे जाऊन बसायचे. शिकायला म्हणून, पण खरं सांगायचं तर त्यांच्या डब्यातल्या कडक भाकरीसाठी. भाकरी देता देताच कधीतरी त्यांनी मला ठिगळ लावायला शिकवलं. "लांबचं कातडं घिऊ नको, रंग बदलतो. शेजारचंच घे. कपाळाला कपाळाचंच."

माघारीवर त्यांचा फार जीव. "माणसाच्या जल्मात ही सोय न्हाई बघ," म्हणायच्या. "पण ती बी फोटो बंद करेपतूर. म्हणून मूळ फोटोला हात लावायचा न्हाई. आधी कॉपी काढायची, मग काय खेळायचं ते कॉपीवर." मी भाकरी चावत मान हलवायचे.

काकूंचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, त्यामुळे मधूनच कानडी यायचं. लग्नाच्या मुली फोटो काढायला यायच्या आणि हट्ट धरायच्या, अजून गोरं करा, अजून जरा. काकू दोनदा ऐकायच्या आणि तिसऱ्यांदा माऊस ठेवून द्यायच्या. "साकु! पुरे. आता आई बी वळखणार न्हाई तुला." मुलगी रुसायची, पण फोटो तोच घेऊन जायची.

त्यांचं खरं काम मात्र गेलेल्या माणसांचं. आपल्याकडे माणूस गेला की मग कळतं, त्याचा एकट्याचा एकही फोटो नाही! मग कुणाच्या तरी लग्नातला घोळका घेऊन लोक येत. काकू त्यातून तेवढा एक चेहरा काढत, खांद्यावरचा भाच्याचा हात पुसत आणि पुरुष असला तर काकांच्या वेळचा एक निळा कोट चढवत. आमच्या भागातल्या निम्म्या भिंतींवर तोच कोट होता. एकदा एका रिक्षावाल्याच्या बायकोने फ्रेम परत आणली. "ह्यांनी जल्मात कोट घातला न्हाई ओ. मलाच परकं वाटायलंय." काकू खजील झाल्या. बसून त्याला खाकी शर्ट घातला, वरचं बटण उघडं ठेवून. त्यानंतर कोट चढवायच्या आधी विचारायला लागल्या.

आणि कुंकू. नवऱ्यामागे राहिलेली बाई गेली, की तिची मुलं हमखास म्हणत, "आईला कुंकू लावा की. आता भेटली असतील दोघं." काकू त्यांच्याकडे आईचा जुना, वडील असतानाचा फोटो मागत. तो मोठा करून बघत, गोल होतं की आडवं, केवढं होतं, कुठल्या लालीचं होतं. मग हुबेहूब तसं लावत. असं किती बायकांना त्यांनी लावलं असेल! स्वतःचं कपाळ मात्र काका गेल्यापासून मोकळं. साधी काळी टिकलीसुद्धा नाही. घरात कुणी लाव म्हणालं नाही, मीही नाही. ते सुचायला हवं होतं, एवढंही तेव्हा सुचलं नाही.

एका दुपारी गेले तर पडद्यावर काकू स्वतःच. जत्रेत कुणीतरी काढलेला अलीकडचा फोटो, केस पांढरे, आणि कपाळावर रुपयाएवढं लालभडक कुंकू. मी बघतच राहिले. काकू लाजल्या. म्हणाल्या, "लोकास्नी लावलं. मला कोण लावणार? म्हणून माझं मीच लावलं. मी गेल्यावर ह्योच लाव हां पोरी. दुसरा नको." मी म्हटलं, "लावीन की. त्यात काय?" त्या हसल्या आणि पडद्यावरच्या काकूंना विचारलं, "काय ओ बाई, जेवलासा का?"

नंतर दोन वर्षांनी काकू गेल्या. छातीत कळ आली, संपलं. फ्रेम करायची म्हणून दुकानात मी बसले, कारण त्यांचा कॉम्प्युटर दुसऱ्या कुणाला कळत नव्हता. फोटो उघडला. मागे अप्पा उभे होते. ते म्हणाले, "हे काय? दारात माणसं येणारायत. काढ ते."

मी काढलं. हो, मी. शेजारचं कातडं उचललं, कपाळाला कपाळाचंच, आणि एकेक ठिगळ लावत कुंकू बुजवून टाकलं. इतकं बेमालूम झालं की कुणाला शंका आली नाही. काकूंनी बघितलं असतं तर शाबासकी दिली असती, हेच मला सहन होत नाही. आणि डोळ्यांतून पाणी वाहत असताना मी कॉपी काढायची विसरले. मूळ फोटोवरच सेव्ह केलं, बंद केलं. माघार संपली.

दुकान आता मी चालवते. कुंकू लावायला लोक अजून येतात, मी लावून देते. तुम्ही म्हणाल, मग काकूंना परत लाव की, काय अवघड आहे? अवघड काहीच नाही. कितीदा तरी लावून बघितलं. रंग तोच, आकार तोच. पण ते त्यांनी स्वतःच्या हाताने लावलेलं होतं. ते मी पुसलं. आता लावीन ते माझं असेल.

परवा त्यांचं वर्षश्राद्ध झालं. फ्रेमला हार घातला, सगळ्यांनी अष्टगंधाचं बोट लावलं. माझी पाळी आली आणि काय झालं कुणास ठाऊक, मी देवापुढचा करंडा उचलला आणि काचेवर कुंकू टेकवलं.  अप्पा बाजूच्या खुर्चीत होते. म्हटलं, आता ओरडतील. मी भांडायच्या तयारीने वळले.

अप्पा फोटोकडे बघत होते. म्हणाले, "जरा मोठं लाव. ती मोठं लावायची."

माझा पाराच चढला. "मग त्या दिवशी काढ का म्हणालात? काकूंनी ते स्वतः लावलं होतं, मला सांगून ठेवलं होतं त्यांनी!"

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. आवाज अगदी साधा होता. "मला काय ठाऊक? मला वाटलं, आधीच्या कुणाचं तरी कुंकू चुकून तिच्या फोटोवर राहिलंय. तू तेव्हाच सांगायचं होतंस गं. मी नाही कशाला म्हटलं असतं?"

मी परत फोटोकडे वळले. करंड्यात बोट बुडवलं आणि कुंकू मोठं केलं. दुसऱ्या दिवशी काच पुसताना ते गेलं.